कोट्यवधींच्या निर्णयाआधी डिसिजन ट्री काढायलाच हवा का?

पायरीपायरीने (धागाकर्ता):
माझं ठाम मत आहे की आधी डिसिजन ट्री, म्हणजे पर्याय आणि त्यांचे परिणाम फांद्याफांद्यांनी दाखवणारं चित्र, काढावा, मगच बैठक घ्यावी. चौकोन म्हणजे आपल्या हातातला निर्णय, गोल म्हणजे हाताबाहेरची गोष्ट. फांदीफांदीवर शक्यता आणि रक्कम लिहायची आणि शेंड्याकडून बुंध्याकडे हिशोब करत यायचं.

पेन्झॉइल विरुद्ध टेक्सॅको हा दोन अमेरिकी तेल कंपन्यांमधला खटला घ्या. गेटी ऑइल घेण्याचा पेन्झॉइलचा ठरलेला सौदा टेक्सॅकोने हिसकावला, म्हणून १९८५ मध्ये टेक्सासच्या ज्यूरीने पेन्झॉइलला १०.५३ अब्ज डॉलर मंजूर केले. टेक्सॅको अपिलात गेली. १९८७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करण्याआधी तिने २ अब्ज देऊ केले. घ्यायचे की लढायचं? समजा, १० अब्ज टिकण्याची शक्यता २०%, ५ अब्जांवर येण्याची ५०% आणि हाती शून्य येण्याची ३०%. प्रत्येक रकमेला तिच्या शक्यतेने गुणून बेरीज केली, की सरासरी येते ४.५ अब्ज. २ अब्ज नाकारणं हा उद्दामपणा नव्हता, हे कागदावर दिसतं.

रोखठोक:
आणि शेवटी पेन्झॉइलने किती घेतले? ३ अब्ज! तुमच्या हिशोबाने ती चूकच म्हणायची. निकाल एकदाच लागतो, सरासरी कुणाच्याच खात्यात जमा होत नाही. शिवाय हे टक्के आणले कुठून? साहेबांना नवा कारखाना हवाच असेल, तर 'मागणी वाढेल' या फांदीवर ६० चे ७० व्हायला कितीसा वेळ लागतो? आकडे आले की शंका काढणारा गप्प बसतो. मला खरा धोका तो वाटतो.

ताळेबंद:
एकदाच लागणाऱ्या निकालाचा मुद्दा बरोबर आहे. पण त्यावर उपाय आहे. शून्य परवडणारच नसेल, तर नुसत्या डॉलरऐवजी त्या रकमेचं कंपनीला वाटणारं मोल फांदीवर लिहितात. मग ३ अब्ज घेणं चूक ठरत नाही.

पायरीपायरीने:
टक्के अंदाजाचेच असतात, म्हणून तर ते हलवून बघायचे. बाकी दोन शक्यतांचं आपसातलं प्रमाण तेच ठेवून शून्याची शक्यता वाढवत न्या. ती साधारण ५३ टक्क्यांपुढे गेली, तरच सरासरीत हातातले ३ अब्ज सरस ठरतात. म्हणजे वाद एका प्रश्नावर आला: पूर्ण हरण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे का? हे वकिलाला विचारता येतं. 'मला आतून वाटतं' म्हणणाऱ्या साहेबांना काय विचारणार?

रोखठोक:
वकीलही साहेबांनीच नेमलेला असतो. प्रत्येकाने आपले टक्के आधी स्वतंत्र चिठ्ठीवर लिहून द्यावेत, साहेबांनी सर्वांत शेवटी. तेवढं होत नसेल, तर माझा विरोध कायम.