दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचे साठे आणि साताऱ्याचा जांभा

पठारवासी, सातारा

दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांची (सेरियम, निओडायमियम यांसारख्या धातूंची) चर्चा आपल्याकडे चीन आणि बाजारभाव यांच्यापुढे फारशी सरकत नाही. साठ्याला त्याचा आकार कशामुळे मिळतो, हा खरा प्रश्न आहे. कॅलिफोर्नियातील माउंटन पास येथे सुमारे १४० कोटी वर्षांपूर्वीचा कार्बोनेटाइट खडक (कार्बोनेटयुक्त शिलारस थिजून झालेला) जाड, कलत्या पट्ट्याच्या रूपात आहे, तर गुजरातमधील अंबाडोंगरला तो वर्तुळाकार घुसलेला आहे. हे दोन्ही आकार शिलारसाने दिले. ऑस्ट्रेलियातील माउंट वेल्डचे समृद्ध धातुक (धातू काढण्याजोगा खडक) मात्र मूळ खडकाच्या माथ्यावर आडवे पसरले आहे, कारण झिरपणाऱ्या पाण्याने दीर्घकाळ कार्बोनेट विरघळवून नेले आणि ही मूलद्रव्ये मागे राहिली. दक्षिण चीनमध्ये ग्रॅनाइट कुजून झालेल्या चिकणमातीला ती नुसती चिकटलेली असतात. तिथे त्यांचे प्रमाण साधारण ०.०५ ते ०.२ टक्के, तरीही तेथून उत्पादन होते. खडक कुजण्यातून साठा घडत असेल, तर कास, पाचगणी आणि महाबळेश्वरच्या, बेसाल्ट (काळा कातळ) कुजून झालेल्या जांभ्याची पद्धतशीर तपासणी व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

कृष्णाकाठ, सांगली

आपण आकारांविषयी लिहिले ते योग्य आहे. निष्कर्ष मला मान्य नाही. या मूलद्रव्यांचे आयन मोठे असल्यामुळे नेहमीच्या खनिजांच्या स्फटिकांत ते सहज सामावत नाहीत आणि प्रावरण (भूकवचाखालचा खडकाचा थर) वितळू लागताच पहिल्या थेंबांत उतरतात. कार्बोनेटाइट अशा अत्यल्प वितळणातून जन्मतो, म्हणून तो समृद्ध असतो. आपला बेसाल्ट प्रावरणाच्या कितीतरी मोठ्या भागाच्या वितळणातून आला, त्यामुळे त्यात ही मूलद्रव्ये दहा लाख भागांत साधारण शंभर भाग (०.०१ टक्के), म्हणजे वरच्या भूकवचाच्या सरासरीपेक्षाही कमी आहेत. अंबाडोंगर याच दख्खन ज्वालामुखीच्या काळातला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. परंतु तो नर्मदेच्या खचदरीलगत आहे आणि सातारा-सांगलीच्या कातळात तसा कार्बोनेटाइट नोंदलेला नाही. मुळात जे नाही, ते कुजून गोळा कसे होणार?

पठारवासी, सातारा

शंभर भाग हे प्रमाण कमी आहे, हे मान्य. पण कुजण्याच्या प्रक्रियेत प्रमाण काही पटींनी वाढते आणि दक्षिण चीनचा मूळ ग्रॅनाइटदेखील स्वतः धातुक नव्हता. शिवाय कठीण जांभ्यातून ही मूलद्रव्ये बहुतेक धुतली जातात. सेरियम तेवढे ऑक्सिडीकरणाने वरच अडकते आणि उरलेली खालच्या मऊ, अर्धवट कुजलेल्या थरात उतरतात. म्हणून माथ्यावरचा चिरा तपासून नकार देणे मला पुरेसे वाटत नाही. नमुने जांभ्याखालच्या, पण मुरमाच्या वर असलेल्या चिकट थरातून घेतले पाहिजेत.

कृष्णाकाठ, सांगली

तीन-चार पटींनी वाढले तरी आपण ०.०४ टक्क्यांवर येतो, म्हणजे चीनच्या खालच्या मर्यादेपर्यंतही पोहोचत नाही. शिवाय चीनमधल्यासारखी ती मूलद्रव्ये मातीतून मिठाच्या द्रावणाने सुटावी लागतात. लोहाच्या ऑक्साइडमध्ये घट्ट अडकली असतील, तर आकडा कितीही मोठा असला तरी उपयोग नाही. जांभ्यात लोह मुबलक आहे, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

वाईकर

एक मुद्दा दोघांकडूनही राहिला. कोयना परिसरात गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोल विंधनविवर घेतले, तेव्हा बेसाल्टचा थर सुमारे १२५० मीटरवर संपून खाली ग्रॅनाइट व नाइस (उष्णता व दाबाने बदललेला पट्टेदार खडक) हे खडक लागले. मूळ ग्रॅनाइटचाच शोध घ्यायचा असेल, तर तो आपल्या पायाखाली सव्वा किलोमीटरवर आहे; त्या खोलीवरून माती काढणे परवडणारे नाही. कासचे पठार तर २०१२ पासून जागतिक वारसा यादीतील पश्चिम घाटाचा भाग आहे, तिथे खोदकामाचा विचारही नको. नमुने घाटरस्त्यांच्या कापलेल्या भिंतींतून मिळतात. पसरणी घाटात ते सहज घेता येतील, आणि त्यांतील मूलद्रव्ये मिठाच्या द्रावणात किती सुटतात हे आधी मोजावे.

पठारवासी, सातारा

पसरणीची सूचना मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र नमुने एकाच उंचीवरून न घेता जांभ्यापासून ताज्या कातळापर्यंत क्रमाने घ्यावेत, म्हणजे मूलद्रव्ये कोणत्या थरात साचली, हे आकड्यांत दिसेल.