पायथॉन डॉक्युमेंटेशनमधल्या फॉरमॅटिंगच्या बारीक चुका कशा दुरुस्त कराव्यात?

कोथरूड_शिकाऊ
पायथॉनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये एका पानावर फंक्शनचं नाव कोडसारखं न दिसता तिरपं दिसतंय, आणि खालची यादी परिच्छेदातच मिसळलीय. इथे पुण्यात आमचा अभ्यासगट स्फिंक्स (साध्या मजकुराच्या फाइल्सपासून वेबपानं बनवणारं साधन, पायथॉनचं डॉक्युमेंटेशनही त्यातच बनतं) वापरूनच मराठी टिपणं लिहितो. त्यात कोडला ‘ला’, ‘चा’ जोडलं की कोडभोवतीचे बॅकटिक (`) जसेच्या तसे छापले जातात. काय चुकतंय? आणि एवढ्याशा दुरुस्तीसाठी आधी गिटहबवर इश्यू (चुकीची नोंद) उघडावा लागतो का?

औंधचा_लिंटर
तिरपं दिसतंय म्हणजे कोणीतरी एकेरी बॅकटिक टाकलाय, मार्कडाउन या दुसऱ्या लेखनपद्धतीची सवय. स्फिंक्सच्या रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या लेखनपद्धतीत कोडला दुहेरी लागतो. पण फंक्शनचं नाव असेल तर ‘फंक’ रोल (हे फंक्शन आहे असं सांगणारी खूण) वापरा, लिंकही मिळते.

यादीच्या आधी रिकामी ओळ नसेल तर ती परिच्छेदाचाच भाग धरली जाते. वाईट म्हणजे बिल्ड करताना (फाइल्सची वेबपानं बनवताना) वॉर्निंगसुद्धा येत नाही. ‘नोट’ या डिरेक्टिव्हनंतर (टीप वेगळी दाखवण्याची सूचना) दोनऐवजी एकच कोलन पडला तर तो मजकूर कॉमेंट ठरतो आणि पानावरून गायबच होतो. कमांडचे ऑप्शनही बघा: बॅकटिकबाहेर लिहिलेल्या दोन हायफनचा डॅश होतो, मग कॉपी करून चालवणाऱ्याला एरर.

सदाशिव_पेठी
प्रत्ययाचं कारण असं की शेवटच्या बॅकटिकनंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्हच चालतं, अक्षर नाही. म्हणून मध्ये बॅकस्लॅश आणि एक स्पेस द्या:

``लिस्ट``\ ला

छापताना दोन्ही नाहीसे होतात. इंग्रजी पानांवर अनेकवचनाच्या ‘एस’लाही हाच उपाय. मात्र हे डॉकस्ट्रिंगमध्ये (कोडमध्येच लिहिलेलं फंक्शनचं वर्णन) लिहिणार असाल तर स्ट्रिंगच्या आधी ‘आर’ लावा, नाहीतर पायथॉन 3.12 पासून सिंटॅक्सवॉर्निंग मिळेल.

मराठी शीर्षकांखालची रेघ सढळ हाताने ओढा. मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे डोळ्याला पुरेशी वाटणारी रेघ आखूड ठरते. लांब रेघेला कोणी हरकत घेत नाही.

कोथरूड_शिकाऊ
धन्यवाद! फंक्शनच्या कोडमधली डॉकस्ट्रिंग बदलली की वेबसाइटवरचं पान बदलेल ना?

औंधचा_लिंटर
नाही. हेल्प फंक्शन डॉकस्ट्रिंग दाखवतं, पण वेबसाइटवरचा मजकूर सीपायथॉन रेपोच्या (गिटहबवरचा पायथॉनचा मूळ कोड) ‘डॉक’ फोल्डरमध्ये हाताने लिहिलेला असतो. त्या फोल्डरमध्ये ‘मेक व्हेन्व्ह’, मग ‘मेक एचटीएमएल’ चालवा. पहिल्या बिल्डला वेळ लागतो, नंतर फक्त बदललेल्या फाइल्स होतात. पाठवण्याआधी फॉरमॅटिंग तपासायला ‘मेक चेक’. गिटहबच्या प्रिव्ह्यूवर विसंबू नका, त्याला स्फिंक्सचे रोल कळत नाहीत.

एवढ्या दुरुस्तीला इश्यू लागत नाही, न्यूज नोंदही (बदलांच्या यादीतली नोंद) नाही. पहिल्यांदाच पाठवत असाल तर बॉट सीएलएवर (योगदानाचा परवाना-करार) सही मागेल. पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) ‘मेन’ या मुख्य ब्रँचवरच करा. जुन्या आवृत्त्यांत हवं असेल तर कोअर डेव्हलपर बॅकपोर्टचं लेबल लावतात.

सदाशिव_पेठी
आणि एक बॅकटिक सुधारताना अख्ख्या परिच्छेदाच्या ओळी पुन्हा जुळवू नका. नेमकं काय बदललं ते डिफमध्ये (जुन्या-नव्या ओळींची तुलना) सापडत नाही, आणि तपासणारा वैतागतो. ओळ थोडी वेडीवाकडी राहिली तरी चालेल.