तिसरीची हातच्याची वजाबाकी: शाळेची रीत की आजोबांची?

ओवीची आई (ठाणे)

नमस्कार. लेक तिसरीत आहे, मराठी माध्यम. या आठवड्यात वर्गात तीन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी चालू आहे. ८५ − ३८ सारखी गणितं ती पटापट सोडवते, पण मधे शून्य आलं की अडते. काल गृहपाठात ४०२ − १५७ होतं. तिचं उत्तर आलं ३४५. पुसून पुन्हा करायला लावलं, तरी ३४५.

मग सासऱ्यांनी तिला जवळ घेऊन त्यांच्या रीतीने शिकवलं. दोनातून सात जात नाहीत, बारातून सात गेले, उरले पाच, हातचा एक. पाच न् एक सहा. शून्यातून सहा जात नाहीत, दहातून सहा गेले, चार, हातचा एक. एक न् एक दोन, चारातून दोन गेले, दोन. उत्तर २४५, अगदी बरोबर. पण शाळेत बाईंनी वरच्या आकड्यावर काट मारून शतक सुटं करायला शिकवलंय. आता लेक वर काटही मारते आणि खाली एक मिळवतेही. आज सकाळी तेच गणित घातलं तर १३५ आलं! सोमवारी घटक चाचणी आहे. आजोबांना थांबायला सांगू का? त्यांचं मन मोडवत नाही, आणि पोरीचा गोंधळही बघवत नाही.

सांगलीकर

आम्ही सगळे आजोबांच्याच रीतीने शिकलो आणि आजही हिशेब तसाच करतो. तरी चाचणी होईपर्यंत बाई सांगतील तेच करू द्या. वहीत वेगळी पद्धत दिसली की काही ठिकाणी उत्तर बरोबर असूनही गुण कापतात. माझ्या मुलाच्या बाबतीत झालंय.

पाटीपेन्सिल

ओवीची आई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. माझ्याही फळ्यावर सध्या हेच आहे.

आधी ते ३४५ नीट बघा. बरोबर उत्तरापेक्षा ते नेमकं १०० ने जास्त आहे. म्हणजे तिने शतक सुटं करून दशकं केली, त्यातलं एक दशक एककांना दिलं, हे सगळं बरोबर केलं. फक्त शतकाच्या घरात ४ चे ३ करायचे राहिले. तिला वजाबाकी कळलेली आहे, एक पायरी सुटते आहे. माझ्या वर्गात याच गणिताला काहींची २५५ येतात. ती मुलं शतक मोडतात, पण दशकाच्या घरात १० तसेच ठेवतात, ९ करत नाहीत. आणि काहींची ३५५ येतात. त्यांची मात्र मला जास्त काळजी वाटते, कारण ती प्रत्येक घरात मोठ्यातून लहान आकडा वजा करून मोकळी होतात. वर कोण, खाली कोण हे बघतच नाहीत. त्यांना मी दोन अंकी संख्यांवर आणि काड्यांच्या गठ्ठ्यांवर परत नेते.

ओवीसाठी खेळण्यातल्या नोटा घ्या, नसतील तर कागदाच्या करा. तिच्या हातात शंभराच्या चार नोटा आणि एक-एकची दोन नाणी द्या. दहाची एकही नको. म्हणा, मला १५७ रुपये दे. सात सुटे द्यायला जाईल तर दोनच आहेत. दहाची मोडावी तर दहाची नाहीच. मग शंभराची मोडणं आलं. शंभराच्या दहा दहाच्या, त्यातल्या एका दहाचे दहा सुटे. आता तिच्याकडे शंभराच्या ३, दहाच्या ९ आणि सुटे १२. इथे थांबा आणि एकूण किती झाले ते तिला मोजू द्या. ४०२ च भरतात हे तिने स्वतः मोजायला हवं. ही पायरी घाईत गाळू नका. मोडलेली शंभराची नोट तिच्या हातात उरत नाही, म्हणून ४ चे ३ होतात. हे एकदा हाताला कळलं की काट मारायची आठवण करून द्यावी लागत नाही.

आजोबांची रीतही शंभर टक्के बरोबर आहे. वरच्या संख्येत दहा सुटे वाढवले, म्हणून खालच्या संख्येत एक दशक वाढवायचं. दोन्हीकडे सारखीच भर पडली की फरक बदलत नाही, जसा आजोबा आणि नातीच्या वयातला फरक दहा वर्षांनीही तोच असतो. पण एकाच गणितात वरून काढणं आणि खाली मिळवणं दोन्ही केलं की तो हातचा दोनदा वजा होतो. तिचं १३५ तिथून आलं. म्हणून सध्या एकच रीत, शाळेची. आजोबांकडे ताळा द्या. तिने उत्तर काढलं की २४५ आणि १५७ ची बेरीज ते तिच्याकडून करून घेतील. ते काम महत्त्वाचं आहे आणि मुलं नेमकं तेच टाळतात.

एक कळकळीने सांगते. चाचणीपुरतं घोकून घेऊ नका. २०२१ पासूनच्या निपुण भारत मोहिमेत पायाभूत वाचन-गणितासाठी तिसरी हीच हद्द धरली आहे, आणि माझा वर्गातला अनुभवही तोच सांगतो. इथे घरांची किंमत कळली नाही तर पुढे भागाकारात मूल पार हरवतं, आणि तेव्हा कुणी मागे येऊन शतक-दशक शिकवत बसत नाही.

वाण्याचा मुलगा

आमच्या दुकानात वजाबाकी कुणी मांडत नाही. गिऱ्हाइकाचे १५७ झाले आणि त्याने ४०२ दिले, तर १५७ वर ३ ठेवले की १६०, ४० ठेवले की २००, २०० ठेवले की ४००, वर २. झाले २४५. शून्य कुठे आहे याचा त्रासच नाही. चाचणी झाली की आजोबांना दुकानदार करा आणि तिला गिऱ्हाईक.

ओवीची आई

पाटीपेन्सिल ताई, मनापासून आभार. आजच नोटा केल्या. ४०२ तिने तीनदा मोजले आणि उत्तर २४५ आलं. सासरे ताळ्यावर खूश आहेत. अजून एक विचारते, ५०० − २६३ मध्ये दोन शून्यं आहेत, तिथे काही वेगळं सांगायचं का?

पाटीपेन्सिल

वेगळं काही नाही, नोटा त्याच रीतीने मोडायच्या: शंभराच्या ४, दहाच्या ९, सुटे १०. उत्तर २३७. चाचणी झाल्यावर मात्र तिला ४९९ − २६२ करायला द्या. हातचा कुठेच लागत नाही आणि उत्तर तेच येतं. असं का झालं ते आजोबांना विचार, म्हणावं. त्यांच्या रीतीत तेच आहे, आणि तेव्हा ती रीत तिला शिकवायला काहीच हरकत नाही.