डरहॅमचा काळा किनारा आणि आपली बॉक्साइटची खाण: लोकांनी नेमकं काय करायचं?

रंकाळा_काठ: इंग्लंडमधल्या डरहॅमला कोळशाच्या खाणींचा टाकाऊ दगड-चुरा कित्येक दशकं थेट पुळणीवर टाकला जायचा. १९९३ ला ईझिंग्टनची खाण बंद झाली, १९९७ ते २००२ मध्ये सुमारे १ कोटी पौंडांचं सफाईचं काम झालं. आमच्या गटाला शाहूवाडीकडच्या एका बंद बॉक्साइट खाणीवर काम करायचंय. पहिल्या पावसात रोपं लावायचा विचार आहे. तिथलं काय घेता येईल?

सडा_माळ: रोपं आधी थांबवा. डरहॅमला ढीग उचलणं हे यंत्रांचं काम होतं. तेही काही ठिकाणीच, बाकी चुरा लाटांवर सोडला. कड्यावर मात्र चुनखडीवरचं गवताळ रान परत आणलं. तिथल्या रॉकरोझ या बुटक्या झुडपावर नॉर्दर्न ब्राउन आर्गस फुलपाखराच्या अळ्या वाढतात. सुपीक माती पसरली की जाड गवत माजतं आणि अशी बुटकी झाडं गुदमरतात. तुमच्या खाणीच्या सड्यालाही, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारालाही, हेच लागू. तिथं सोनकी, तेरडा, गेंद अशी रानफुलं हवीत, निलगिरी नको. शेजारच्या शाबूत सड्यावरून ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी गोळा करा, सावलीत वाळवा, कापडी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. जूनमध्ये एक मीटरच्या चौकटी आखून पेरा, सप्टेंबरात रोपं मोजा. आधी थोड्याच चौकटी, यश दिसलं की वाढवा. वरच्या मातीचा जुना ढीग सापडला तर त्यावर भरवसा नको, वर्षानुवर्षं पडलेल्या ढिगातलं बरंचसं बी मेलेलं असतं.

दगडी_बांध: कोळशाचा उपाय बॉक्साइटला लावू नका. कोळशाच्या दगडात पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज असतं, हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल होतं आणि पाणी नारिंगी पडतं. ते आम्ल मारायला, पायराइटमधलं गंधक १ टक्का असेल तर १००० टन ढिगाऱ्याला ३१.२५ टन शुद्ध चुनखडी, असा तो हिशोब. तुमच्याकडं खरा त्रास लाल गाळ ओढ्यात उतरण्याचा. घळीत सुट्या दगडांचे बांध घाला, उंची १ मीटरच्या आत. खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याच्या पातळीत यावा. मधला भाग कडांपेक्षा खोलगट ठेवा, नाहीतर पाणी बाजूची माती कापून बांधाला वळसा घालतं. कडा दोन्ही काठांत नीट रुतवा, हे बहुतेक जण विसरतात. प्रत्येक मोठ्या पावसानंतर एकाच जागचं पाणी बाटलीत भरून रात्रभर ठेवा आणि तळचा गाळ पट्टीनं मोजा.

क्रिमडन_आठवण: डरहॅमच्या क्रिमडनला छोट्या कुररी पक्ष्यांच्या वसाहतीला कुंपण घालून स्वयंसेवक विणीच्या हंगामात राखण करायचे. गावाचं मोलाचं काम तेच, म्हणजे राखण. इथं ती चराईची आणि वणव्याची. पेरलेल्या चौकटींवर निदान दोन पावसाळे गुरं नकोत, आणि डिसेंबरच्या आत जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारी मोकळी पट्टी, काढून ठेवा. कामाआधी सातबारा आणि खाणपट्ट्याची हद्द बघून लेखी परवानगी घ्या. वनखात्याची जमीन असेल तर त्यांचीच.

रंकाळा_काठ: रोपांचा खर्च थांबवतो. बांधापासून सुरुवात, बी ऑक्टोबरात.