मदत हवी आहे: कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो पायथनने बिनधोक उतरवायचे आहेत

कोरा_कागद

नमस्कार मंडळी,

माझ्या मावसभावाचा परळला लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. सीझनमध्ये एकाच दिवशी दोन-तीन मुहूर्त असतात. एक टीम दादरच्या हॉलवर, दुसरी डोंबिवलीला. रात्री उशिरा पोरं कार्डं आणून टेबलावर ठेवतात आणि सकाळी तीच कार्डं पुढच्या लग्नाला हवी असतात. म्हणजे रात्रीतून कार्डं खाली करून, फॉरमॅट मारून ठेवायची. आजवर हे माउसने ओढून चालायचं. आता त्यासाठी मी पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहितेय.

अंतरपाट एकदाच दूर होतो. तो फोटो हातातून गेला तर कुठल्याही पैशाने परत मिळत नाही. म्हणून माझी अट एकच आहे: प्रोग्रॅमने स्क्रीनवर ‘कार्ड पुसायला हरकत नाही’ असं दाखवलं, तर ते शंभर टक्के खरं असलं पाहिजे. वेग कमी पडला तरी चालेल.

यंत्रणा अशी: कार्डं मॅकवर वाचली जातात, अल्बमचं डिझाइन आणि बिलं विंडोजवर होतात आणि साठवण पोटमाळ्यावरच्या नॅसवर (नेटवर्कवरून सगळ्या यंत्रांना वापरता येणारा डिस्कचा डबा), ज्याच्यात लिनक्स आणि ईएक्सटी४ ही फाइलव्यवस्था आहे. पायथन सगळीकडे ३.१२. चाचणीसाठी जुन्या कार्डांच्या नकला घेऊन पाहिलं तेव्हा या अडचणी दिसल्या:

कॅमेरा फाइलच्या नावात चारच आकडे ठेवतो. ९९९९ नंतर पुन्हा ०००१. शिवाय एकाच कंपनीचे दोन कॅमेरे एकाच लग्नात असले की तीच नावं दोन्ही कार्डांवर येतात. पायथनच्या शटिल मॉड्यूलमधलं कॉपी२ हे फाइल उतरवायचं फंक्शन अशा वेळी काही न बोलता जुन्या फाइलवर नवी लिहितं. ‘आधी फाइल आहे का ते बघ, नसेल तर कॉपी कर’ असं लिहिलं, पण दोन पोरं दोन खिडक्यांतून एकाच वेळी कार्डं उतरवतात, तेव्हा बघणं आणि लिहिणं यांच्यामध्ये दुसऱ्याची फाइल येऊन बसू शकते.

मध्येच कार्ड रीडरची केबल निघाली तर अर्धी फाइल पूर्ण नावाने राहते. पुढच्या वेळी प्रोग्रॅम म्हणतो, ‘ही आहेच’, आणि पुढे जातो. मला सगळ्यात जास्त भीती याची आहे.

तिसरी अडचण मला समजलेलीच नाही. फोल्डर गिऱ्हाइकाच्या आडनावाने असतं. नॅसवर ‘कुऱ्हाडे’ या नावाची दोन फोल्डर शेजारी-शेजारी दिसतात. अक्षर न् अक्षर सारखं. यूटीएफ-८मध्ये (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत) मोजलं तर एक नाव २४ बाइट्सचं निघतं, दुसरं २७. हे कुठून आलं?

आणि शेवटी पडताळणी. कॉपी२ झाल्यावर फाइलसीएमपी मॉड्यूलचं सीएमपी फंक्शन चालवून दोन्ही फाइल सारख्या असल्याची खात्री करते. एवढ्यावर कार्ड पुसायची परवानगी द्यावी का?

पाचवा_मजला

एवढं लिहिण्यापेक्षा आरसिंक हे फाइल उतरवायचं तयार साधन वापरा. ते तात्पुरत्या नावाने लिहितं आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतं. तुमची दुसरी अडचण तिथेच मिटते.

कोरा_कागद

आरसिंक माहीत आहे. पण मुलांना मराठीतली दोन बटणांची स्क्रीन हवी, आणि दोन कार्डांवरच्या एकाच नावाच्या फाइलचं काय करायचं हे मला माझ्या हातात ठेवायचं आहे. शिवाय सांगितलं नाही तर आरसिंकही आकार आणि वेळ बघूनच ‘फाइल तीच आहे’ असं ठरवतं. आशय तपासायचा तर चेकसमचा (आशयावरून काढलेल्या आकड्याचा) पर्याय मुद्दाम द्यावा लागतो.

दर्यावर्दी

ताई, अट उत्तम ठेवली आहे. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे सगळ्यात मोठं भोक आहे.

फाइलसीएमपीचं सीएमपी मुळात वरवरची तुलना करतं. शॅलो नावाचं त्याचं पॅरामीटर न सांगता ‘ट्रू’ असतं. म्हणजे फाइलचा प्रकार, आकार आणि बदलाची वेळ या तीन गोष्टी जुळल्या की ते आतला एक बाइटही न वाचता ‘सारख्या’ म्हणतं. आणि कॉपी२चं कामच मुळी वेळ जशीच्या तशी उतरवणं हे आहे. म्हणजे कॉपी२ने वेळ जुळवून ठेवायची आणि सीएमपीने ती जुळलेली बघून मान डोलवायची. आकार बरोबर असेल तर आत कचरा असला तरी पास. शॅलोला ‘फॉल्स’ दिलंत तर खरी तुलना होते. पण मी सीएमपी सोडून एसएचए-२५६ हा हॅश, म्हणजे फाइलच्या आशयावरून निघणारा ओळखीचा आकडा, घ्यायला सांगेन, कारण तो आकडा नोंदवून ठेवता येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तपासता येतो.

आता नावांची टक्कर आणि अर्धी फाइल. दोन्हीला एकच उपाय पुरतो: फाइलच्या पातळीवर भांडू नका, फोल्डरच्या पातळीवर भांडा. प्रत्येक कार्डाला स्वतःचं फोल्डर. प्रोग्रॅमने ‘कार्ड-००१.अर्धवट’ या नावाने एमकेडीआयआर (नवं फोल्डर तयार करायची आज्ञा) करायचं, ‘आधीच असेल तर चालेल’ हा पर्याय न देता. फोल्डर तयार होणं ही एकसंध क्रिया असते. दोन खिडक्यांनी एकाच क्षणी मागितलं तरी एकीलाच मिळतं, दुसरीला फाइलएक्झिस्ट्सएरर येतो आणि ती ००२ घेते. आधी बघा, मग करा, ही भानगडच उरत नाही. मग त्या फोल्डरमध्ये दुसरं कुणी लिहीतच नाही. तरीही आतली प्रत्येक फाइल उघडताना ‘एक्स’ मोड वापरा. हा मोड पायथन ३.३पासून आहे आणि फाइल आधीच असेल तर उघडायलाच नकार देतो.

लिहिताना एकेक मेगाबाइटचा तुकडा वाचा, तोच लिहा आणि त्याच फेरीत हॅशला द्या. शेवटी फ्लश, मग एफसिंक (मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहायला लावणं), मग बंद. सगळं कार्ड उतरून, पडताळून झालं की मगच फोल्डरच्या नावातला ‘.अर्धवट’ काढा. त्या नावाचं भरलेलं फोल्डर आधीच असेल तर लिनक्स नाव बदलायला नकार देतो. तसं झालं तर पुढचा नंबर घ्यायचा. फाइलच्या बाबतीत मात्र उलटं आहे हे लक्षात ठेवा: लिनक्स आणि मॅकवर ओएसचं रीनेम समोरच्या फाइलवर बिनदिक्कत लिहितं, विंडोजवर तेच एरर देतं. एकाच ओळीचं वागणं तुमच्या तिन्ही यंत्रांवर सारखं नाही.

केबल निघाली तर? ‘.अर्धवट’ तसंच पडू द्या आणि नव्या फोल्डरमध्ये पहिल्यापासून सुरुवात करा. जिथे थांबलं तिथून पुढे न्यायच्या मोहात पडू नका. त्यासाठी जेवढं कोड लागतं, तेवढ्याच चुकांना जागा होते.

उंबरठा

‘कुऱ्हाडे’चं मी सांगते, देवनागरी फॉन्टचं काम करते म्हणून हे रोज बघते.

सगळं त्या ‘ऱ’मध्ये आहे. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन तऱ्हेने लिहिता येतं. एक, अख्खं ‘ऱ’, म्हणजे ०९३१ हे एकच चिन्ह. दोन, साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे ०९३० आणि ०९३सी. युनिकोडच्या नियमाने दोन्ही समान आहेत. पण लिनक्सच्या फाइलव्यवस्थेला अक्षरं कळत नाहीत, तिच्या लेखी नाव म्हणजे बाइट्सची रांग. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट्स घेतं. क, उकार, ऱ, हलन्त, ह, काना, ड, मात्रा: आठ चिन्हं, २४ बाइट्स. नुक्ता सुटा झाला की नऊ चिन्हं, २७ बाइट्स. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलव्यवस्था नावं अशी सुटी करूनच साठवायची. तुमच्याकडे जुन्या मॅकच्या डिस्कवरून थेट नॅसवर गेलेली फोल्डर असतील तर दुसरं तिथलंच.

पायथनमध्ये युनिकोडडेटाचं नॉर्मलाइझ ‘एनएफसी’ (सुटी चिन्हं जोडून एक करणारं रूप) देऊन चालवलं की दोन्हींचं एक होतं. पण थांबा, तिसरंही रूप आहे. काही कळफलक हा अर्धा र ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह घालून लिहितात. दिसतं तंतोतंत तेच. बाइट्स मोजले तर तेही २७! आणि नॉर्मलाइझ याला हात लावत नाही. म्हणून तुमचं २७ नेमकं कुठलं हे चिन्हं एकेक छापूनच कळेल. तुलनेसाठी वेगळी किल्ली तयार करा: एनएफसी करा, मग ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ या त्रिकुटाच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला. गोऱ्हे, बोऱ्हाडे, कऱ्हाडकर, सगळ्यांना हे लागू आहे, आणि मराठी माणसांच्या लग्नांत ही आडनावं येणारच.

जुनी फोल्डर आपोआप एकत्र करू नका. नुसती यादी दाखवा, माणसाला ठरवू द्या.

आणखी एक. ईएक्सटी४वर एका नावाला २५५ बाइट्सची हद्द आहे, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हं. मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे धरून. विंडोजच्या एनटीएफएसवर हद्द २५५ चिन्हांची. त्यामुळे दोन्हीकडची आडनावं, ‘शुभविवाह’, हॉलचं नाव असं सगळं घातलेलं फोल्डर विंडोजवर सुखाने तयार होतं आणि नॅसवर जाताना ‘नाव फार लांब’ म्हणून अडतं. लांबी बाइट्समध्ये मोजा.

कोरा_कागद

चिन्हं छापून पाहिली. २७वालं नुक्त्याचंच निघालं, आणि यादी चाळताना जोडचिन्हाचं तिसरं रूपही ‘गोऱ्हे’ या फोल्डरमध्ये सापडलं. हे एकटीने शोधायला मला किती वेळ लागला असता कोण जाणे. मनापासून आभार.

यातूनच पुढचा प्रश्न. काउंटरवर फोल्डरचं नाव हाताने टाइप होतं. कुणी ‘मेंदी/हळद’ लिहितं, कुणी वेळ ‘९:३०’ अशी घालतं, कंपनीचा कार्यक्रम असला की नावाच्या शेवटी ‘प्रा. लि.’ येतं. हे कुठे आणि कसं स्वच्छ करायचं?

दर्यावर्दी

‘प्रा. लि.’ हे उदाहरण चांगलं दिलंत. विंडोज नावाच्या शेवटचा टिंब आणि शेवटची मोकळी जागा उडवतं. नॅसवर टिंबासकट नाव असेल आणि विंडोज टिंबाशिवाय शोधत असेल, तर समोर दिसणारं फोल्डर उघडत नाही. तेव्हा शेवटचे टिंब आणि जागा स्वतःच काढा. तिरक्या दोन्ही रेघा, विसर्गासारखा दिसणारा इंग्रजी कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण, उभी रेघ आणि लहान-मोठ्याची दोन्ही चिन्हं यांच्या जागी आडवी रेघ घाला. खरा देवनागरी विसर्ग वेगळं चिन्ह आहे, तो राहू द्या. हे सगळं एकाच फंक्शनमध्ये, आणि नाव आत येतं त्याच दारावर. पुढे प्रत्येक ठिकाणी थोडं-थोडं नको.

पण नुसतं स्वच्छ करून थांबू नका. पाथलिबमध्ये (पाथ हाताळायचं पायथनचं मॉड्यूल) पाथचे दोन तुकडे जोडताना दुसरा तुकडा तिरक्या रेघेने सुरू झाला, तर पहिला मुकाट्याने टाकून दिला जातो. दोन टिंबांनी वरच्या फोल्डरमध्ये उडी मारता येते. म्हणून जोडून झाल्यावर रिझॉल्व्ह करा (पाथ त्याच्या खऱ्या, पूर्ण रूपात आणा) आणि मग इझ_रिलेटिव्ह_टूने विचारा की हे अजून फोटोंच्या मूळ फोल्डरच्या आतच आहे ना. रिझॉल्व्ह आधीच हवं, कारण दुसरं फंक्शन नुसती अक्षरं बघतं. आणि हे काम स्टार्ट्सविथने करू नका: ‘लग्न-जुनी’ची सुरुवातही ‘लग्न’नेच होते.

कोरा_कागद

कळलं. आता ‘हरकत नाही’ हे वाक्य कधी दाखवायचं त्याचा माझा नियम असा: कार्डावरच्या प्रत्येक फाइलचा हॅश नॅसवरच्या प्रतीशी जुळला, फाइलची संख्या जुळली आणि फोल्डरचं नाव बदललं गेलं, तरच. मॅक मध्येच निर्माण करतो त्या टिंब-अधोरेखाने सुरू होणाऱ्या फाइल मोजणीतून वगळल्या आहेत. यात काही राहतंय?

दर्यावर्दी

दोन गोष्टी राहतात.

लिहिल्या-लिहिल्या परत वाचलं तर बहुतेक वेळा डिस्कवरचं नव्हे, मेमरीत ठेवलेलंच तुम्हाला मिळतं. हॅश जुळतो, पण डिस्कवर काय उमटलं ते कळत नाही. म्हणून पडताळणीचा प्रोग्रॅम नॅसवरच चालवा. आधी प्रत्येक फाइलवर एफसिंक, मग ओएसमधलं पॉसिक्स_फॅडव्हाइस ‘डोन्टनीड’ (मेमरीतली प्रत सोडून दे) सांगून, मग वाचन. हॅशसाठी हॅशलिबमध्ये फाइल_डायजेस्ट आहे, ३.११पासून. मॅकवर जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवर लिहीत असाल तर तिथला साधा एफसिंक डिस्कच्या स्वतःच्या कॅशपर्यंत पोचतोच असं नाही, त्यासाठी एफ_फुलएफसिंक हा वेगळा निरोप द्यावा लागतो. सोपा मार्ग म्हणजे डिस्क इजेक्ट करून पुन्हा जोडायची आणि मग तपासायचं.

दुसरी गोष्ट कोडची नाही. नॅस पोटमाळ्यावर ठेवलाय हे शहाणपणाचं आहे, हिंदमाताच्या आसपास पाणी कसं भरतं ते तुम्हाला सांगायला नको. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता, त्या दिवशी तळमजल्यावरचं काय-काय गेलं ते अनेकांना आठवत असेल. पण पोटमाळाही त्याच दुकानात आहे. आग, शॉर्टसर्किट, चोरी यांत दुकान एकच. कार्ड पुसण्याआधी दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर हवी आणि ती डिस्क रात्री कुणाच्या तरी पिशवीतून दुसऱ्या घरी जायला हवी. तुमच्या वाक्याच्या नियमात ‘दोन प्रती पडताळल्या’ हे घाला.

कोरा_कागद

घातलं. भाऊ डोंबिवलीला राहतो, डिस्क तो रोज घरी नेईल. दोन डिस्क आलटून-पालटून वापरू. दोन्हींचे हॅश येईपर्यंत हिरवं वाक्य दिसणार नाही आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच मारायचा, प्रोग्रॅममधून कार्डावर काहीही लिहायचं नाही, असंही ठरवलं आहे.

उंबरठा

चाचणीला ही नावं घ्या: ‘कुऱ्हाडे’ तिन्ही रूपांत, ‘मेंदी/हळद ९:३०’, शेवटी टिंब आणि जागा असलेलं ‘प्रा. लि. ’, नुसते दोन टिंब, रिकामं नाव, आणि ८५ चिन्हांचं एक, ८६ चिन्हांचं एक. शेवटच्या दोन्हींत फक्त देवनागरी घाला, मोकळी जागा नको, म्हणजे २५५ आणि २५८ बाइट्स नेमके पडतील.

कोरा_कागद

चालवून पाहिलं. ८६वालं अपेक्षेप्रमाणे दारातच अडवलं गेलं. रिकामं नाव मात्र आत शिरलं आणि जोडलेला पाथ थेट मूळ फोल्डरवर आला, कारण ‘मूळ फोल्डरच्या आत आहे का’ या प्रश्नाला मूळ फोल्डर स्वतःही ‘हो’ म्हणतं. आता रिझॉल्व्ह केलेला पाथ मूळ फोल्डरइतकाच असेल तरी नकार द्यायचा, अशी ओळ वाढवली आहे.