‘डार्क पॅटर्न’ला मराठीत काय लिहू? ‘गडद नमुने’ सोडून

मंजिरी: नमस्कार मंडळी, अडले म्हणून विचारते. नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या ज्येष्ठांच्या गटासाठी ऑनलाइन खरेदीतल्या फसवाफसवीवर दोन पानी पत्रक करून राहिली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध, म्हणजे वेबसाइट-ॲपवर बटणं नि किमती अशा मांडतात की आपण नकळत फसतो त्याविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार दिलेत, ते समजले, पण शब्दाचं काय करू? एका काकांनी ‘गडद नमुने’ लिहिलं तर सासूबाई म्हणाल्या, इतवारीत साड्यांचा सेल लागला का. आणि ‘नमुना’ म्हटलं की मला आमच्या गल्लीतले दोघंतिघंच डोळ्यासमोर येतात.

बर्डीवाला: ताई, सरळ ‘झोल’ लिहून टाका ना, काहून एवढा विचार करून राहिल्या. माझा अनुभव सांगतो, दिवाळीत पुण्याहून घरी यायचं बसचं तिकीट काढून राहिलो होतो, दाखवली एक किंमत, मग सीट निवडल्याचे वेगळे, सेवाशुल्क वेगळं, आणि विम्याची खूण आधीच केलेली. ती काढायला गेलो तं बटणावर काय लिहिलं, ‘नको, मी धोका पत्करतो’. अरे बापा, मी बसमध्ये बसून राहिलो का विहिरीत उतरून राहिलो?

शब्दवेडा: हा एकाच तिकिटात तीन प्रकारांचा नमुना झाला की. किंमत थेंबाथेंबाने वाढवणं म्हणजे ड्रिप प्रायसिंग, न मागता विमा घालणं म्हणजे बास्केट स्नीकिंग आणि शेवटचा टोमणा म्हणजे कन्फर्म शेमिंग. प्राधिकरणाच्या यादीत विमानाच्या तिकिटाबरोबर विमा न घेणाऱ्याला असंच लाजवल्याचं उदाहरण आहे. पहिल्याला ‘ठिबक किंमत’ म्हणा, आपल्याकडच्या संत्रावाल्यांना लगेच समजेल.

वसुधा, पुणे: ‘झोल’ छापील पत्रकात? ही मुंबईच्या टपोरी सिनेमातली भाषा आहे. ‘छद्मरचना’ हा नेमका आणि सुंदर शब्द आहे.

बर्डीवाला: माझे बाबा वीज मंडळात होते, तारेला झोल पडला म्हणायचे, तेव्हा ते काय टपोरी होते का? मराठीच शब्द आहे तो. आणि छद्मरचना वाचून सत्तरीतल्या आजीबाई पत्रक घडी करून गव्हाच्या डब्याखाली ठेवतील.

मंजिरी: बरं, मूळ प्रश्न...

शब्दवेडा: मूळ शब्दच तपासला पाहिजे. २०१० मध्ये हॅरी ब्रिग्नल नावाच्या ब्रिटिश डिझायनरने तो रूढ केला, त्यात डार्क म्हणजे रंग नाही, डाव आहे. म्हणून ‘फसवी मांडणी’. दुकानदार मालाची मांडणी करतो, वेबसाइट बटणांची करते.

इतवारीवाले काका: यात नवीन काही नाही हो. माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं, शेजारचा एक जण वजनात दांडी मारायचा, गावभर नाव झालं होतं त्याचं. डार्क पॅटर्न म्हणजे कॉम्प्युटरवर दांडी मारणं, बस. आधी वजनमापेवाला इन्स्पेक्टर यायचा, आता त्या खात्याला वैधमापनशास्त्र म्हणतात, उच्चार करेपर्यंत वजन उडून जाते.

वसुधा, पुणे: काका, दांडी मारणे म्हणजे शाळा बुडवणे. वजनात मारतात तो काटा. तुमची दांडी हिंदीतून आलेली आहे.

इतवारीवाले काका: तागडीला दांडी नसते का पुण्यात?

बर्डीवाला: 😂 आता तं दांडी पकडायला पण मशीन लावलं सरकारनं. २४ डिसेंबर २०२४ ला, ग्राहक दिनाला, जागृती ॲप काढलं, त्यावर संशयित वेबसाइटची तक्रार टाकता येते, आणि प्राधिकरणाकडे जागृती डॅशबोर्ड, ज्यावर डार्क पॅटर्नवर नजर ठेवतात. हे सगळं ऐरावत नावाच्या एआय सुपरकॉम्प्युटरवर चालते, तो पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे. वसुधाताई, पुण्याचा एक मुद्दा तुम्हाला दिला.

शब्दवेडा: ऐरावत म्हणजे पांढरा हत्ती, सरकारी खर्चाला याहून समर्पक नाव नाही! पण गंमत बघा. ‘ग्राहक’ ज्या ‘ग्रह्’ धातूपासून आला त्याच धातूपासून ‘ग्राह’ म्हणजे मगर. गजेंद्रमोक्षात ग्राहाने हत्तीचा पाय धरला, इथे ग्राहकाला सोडवायला हत्तीच आणलाय. आणि गिऱ्हाईक बघा, मूळचा घेणारा, पण ‘त्याचं गिऱ्हाईक केलं’ म्हटलं की बिचाऱ्याची फजिती.

वसुधा, पुणे: गजेंद्र आणि ऐरावत वेगळे. पुराणं तरी नीट सांगा.

मंजिरी: हत्ती झाले, मगरी झाल्या. पत्रक उद्या सकाळी झेरॉक्सला द्यायचं आहे. तूर्त शीर्षकात ‘डार्क पॅटर्न’ आणि खाली ‘फसवी मांडणी’ ठेवते, तक्रारीसाठी १९१५ हेल्पलाइन मोठ्या अक्षरात, तिथे मराठीतही बोलता येतं. आता फक्त ‘बेट अँड स्विच’ सांगा कोणीतरी, एक दाखवून दुसरंच गळ्यात मारतात ते.

बर्डीवाला: ‘वरून संत्रा, खालून लिंबू’.

वसुधा, पुणे: हा वाक्प्रचार नाही, तुम्ही आत्ता बनवलात.

बर्डीवाला: मग? कोणी तरी कधी तरी बनवलेच असतील ना सगळे.

इतवारीवाले काका: माळ्यावर जुनी तागडी आहे, उद्या काढून फोटो टाकतो. दांडीसकट.