छोट्या वस्तीला यंत्रांचा सांडपाणी प्रकल्प हवाच कशाला?

बांधावरून:
तीन हजारांची वस्ती, समुद्र लांब, मोठी नदी नाही. एक ओढा, तोही वर्षातले काही महिने कोरडा. अशा जागी शहरातलाच प्रकल्प छोटा करून बसवायचा हा हट्ट मला कळत नाही. ॲक्टिव्हेटेड स्लज ही 1914 ची, मँचेस्टरमधली पद्धत. टाकीत हवा सोडायची, जिवाणूंनी घाण खायची, मग गाळ बसू द्यायचा. उत्तमच! पण ब्लोअर, म्हणजे हवा मारणारं यंत्र, दिवसरात्र चालायला हवा. वीज लांबली की प्राणवायू संपतो आणि टाकी सडायला लागते. त्यापेक्षा एकापुढे एक तीन तळी खोदा, पहिलं खोल, शेवटचं उथळ. प्राणवायू शेवाळ पुरवतं, ऊन जंतू मारतं, जंतांची अंडी तळाला बसतात. ना मोटर, ना तंत्रज्ञ.

उलटतपासणी:
'ना तंत्रज्ञ' याचा अर्थ लोक 'कुणीच नको' असा घेतात. मग काठावर गवत माजतं, डास होतात, पहिलं तळं गाळाने अर्धं भरलं तरी कुणी फिरकत नाही. शिवाय जागा माणशी 2 ते 5 चौरस मीटर. तीन हजारांना दीड हेक्टरपर्यंत. देणार कोण?
आणि तळ्यातून निघणारं पाणी शेवाळाने हिरवंच असतं. 1912 मध्ये ब्रिटनच्या रॉयल कमिशनने नदीत सोडायच्या सांडपाण्यातल्या घाणीची मर्यादा ठरवली, तीही नदीत किमान आठपट पाणी त्यात मिसळेल असं धरून. तुमच्या ओढ्यात उन्हाळ्यात पाणी म्हणजे हेच सांडपाणी!

बांधावरून:
ओढ्यात सोडायचंच कशाला? शेताला द्या. नत्र, स्फुरद फुकट.

विहीरवाला:
पिकाला हवं त्यापेक्षा जास्त दिलं की ते नत्र नायट्रेट होऊन थेट विहिरीत उतरतं. माती त्याला धरून ठेवत नाही. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम आहे, ती तान्ह्या बाळांना अपाय होऊ नये म्हणून. घरोघरचे शोषखड्डे हेच करतात, त्यावर मात्र कुणी धागा काढत नाही.

पाळीवर:
मी यंत्रांचा प्रकल्प चालवतो. रोज सकाळी टाकीतलं लिटरभर पाणी मोजपात्रात घेऊन अर्धा तास ठेवतो. गाळ तपकिरी, वर पाणी नितळ, वास ओल्या मातीचा, म्हणजे दिवस बरा. गाळ काळा आणि वास सडक्या अंड्यांचा, म्हणजे हवा कमी पडतेय. कापसासारखा फुगून बसतच नसेल, तर तंतूवाले जिवाणू माजलेत. याला पदवी लागत नाही, रोज यावं लागतं. मागच्या पावसाळ्यात पावसाचं पाणी गटारात शिरलं आणि टाकीतला गाळ धुऊन गेला. घडी बसायला तीन आठवडे गेले. तळ्यांचं असं होत नाही, हे मान्य.

उलटतपासणी:
नळगवताचे वाफे, म्हणजे खडीत नळगवत लावून त्यातून सांडपाणी गाळायचं, ते का नाही? जागा तळ्यांपेक्षा कमी लागते म्हणतात.

बांधावरून:
चालतील, पण आधी गाळ बसवायची टाकी हवीच. नाहीतर तोंडापाशीच खडी काळ्या चिकट थराने बुजते आणि पाणी वरून वाहू लागतं. आणि ती टाकीही उपसावी लागते.
पाळीवर, सुट्टीच्या दिवशी तुमचं मोजपात्र कोण बघतं?

पाळीवर:
कुणी नाही. सोमवारी फाटकातूनच वास घेतो आणि अंदाज बांधतो.